मुंग्यांचा परवाना

वन्य प्राणी वाचवायचा तर आधी त्याची व्याख्या करावी लागते. हे सत्य दोन शेजारी देशांना १९८७ साली उमगलं आणि सीमेवरच्या जकात कचेरीत दोन्हीकडचे बावीस अधिकारी जमले. खाण्यासाठी रानातली जनावरं सीमेपार नेणं थांबवायचं होतं. खोलीच्या मधोमध पांढरी रेघ होती, टेबलही निम्मं निम्मं. (चहा अलीकडे आला आणि बिस्किटं पलीकडे. पहिला दीड तास त्यातच गेला.)

इतिवृत्त टाइप करायला टंकलेखिकाबाई होत्या, वय चाळीस, हात चपळ, तोंड बंद. त्यांच्या खुर्चीशेजारी खोक्यात पुरावा होता, पोत्यातून नेताना पकडलेलं जिवंत खवले मांजर. करारावर सह्या होईपर्यंत पुरावा ठेवून घ्यायचा, असं ठरलं होतं. त्याला काय खायला घालायचं, ते ठरवायचं राहून गेलं.

चार दिवसांत समितीने मोलाचं काम केलं. 'वन्य' म्हणजे कोणाच्याच मालकीचा नसलेला. 'प्राणी' म्हणजे आपणहून हलणारा. 'अन्न' म्हणजे कोणीही खाईल ते. ('कोणीही' या शब्दावर सगळे खूष होते, पळवाटच उरली नाही.) मेजवानीत प्रमुखसाहेबांनी मोकळेपणाने सांगितलं की आपण खवले मांजर कधीही चाखलेलं नाही, फक्त मानेकडचा भाग मऊ असतो आणि आलं कमी पडू देऊ नये.

पाचव्या दिवशी पुराव्याने डोकं वर काढलं नाही.

"साहेब, याला मुंग्या लागतात," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या माळीदादांच्या आवारात वारूळ आहे. वीस पावलांवर. बरणीभर आणते."

साहेबांनी मसुदा पुढे ओढला. "मुंगी कोणाच्या मालकीची?"

"कोणाच्याच नाही."

"हलते?"

"हलते की."

"आणि हे तिला खाणार. वन्य प्राणी, खाण्यासाठी, सीमेपार. कलम चार. तुम्हीच टाइप केलंत, बाई."

"मरेल हो ते."

"मेलं तरी नियमात बसून मरेल."

मुंग्यांच्या परवान्यासाठी लगोलग उपसमिती नेमली गेली. तिने प्रत्येक मुंगीचा आरोग्य दाखला मागवला.

दुपारी सगळे फोटोसाठी पायऱ्यांवर गेले. बाईंनी खोका ओढत रेघेपर्यंत आणला आणि झाकण काढलं.

"येऊ दे त्याला," पलीकडच्या दारातून माळीदादा म्हणाले. "जेवायला आलेल्या पाहुण्याला कोणी व्यापार म्हणत नाही."

पुरावा सावकाश उलगडला, रेघ हुंगली आणि ओलांडून गेला.

करार झाला, तो आजही लागू आहे. त्याखाली आजवर एकच व्यक्ती दोषी ठरली, टंकलेखिकाबाई. त्यांची बढती थांबली आणि त्या टंकलेखिका म्हणूनच निवृत्त झाल्या. प्रमुखसाहेबांना वन्यजीव रक्षणाचं पदक मिळालं. माळीदादांची बदली एकही झाड नसलेल्या कचेरीत झाली. तोवर दोन वर्षं ते खवले मांजराची खुशाली बाईंना पत्राने कळवत होते.

बाई ही हकीगत अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. लोक हळहळतात, साहेबांना नावं ठेवतात आणि निघताना दारात जरा आवाज खाली आणून विचारतात, "पण काय हो, आलं साधारण किती?"

बाई आत जाऊन वहीत विचारणाऱ्याचं नाव लिहितात. वही भरत आली आहे, पण तुमच्यापुरती एक ओळ त्यांनी मोकळी ठेवली आहे.