पलीकडून फळी धरणारा

दादांनी मशीन मोजलं, खोली मोजली, दारातून मशीन आत जाईल की नाही हे सुतळी लावून दोनदा पडताळलं. वजनमापं तपासायच्या कचेरीत जन्म काढलेला माणूस. तराजूतली खोट रस्त्याच्या पलीकडून ओळखायचा. फळी मोजायची तेवढी राहिली. बायको असती तर म्हणाली असती, "तुम्ही नेहमी अर्धंच मोजता." ती होती तोवर हे वाक्य रोज कानावर पडायचं आणि दादा रोज वैतागायचे. ती गेल्यापासून कुणी म्हणत नव्हतं, आणि मापं मात्र जास्तच चुकत होती.

मशीन जुनं होतं, दुकान बंद करायला निघालेल्या एका म्हाताऱ्या सुताराचं. एकच मोटर चारही कामं करायची: कापणं, रंधणं, फळीची जाडी उतरवणं आणि भोकं पाडणं. बटणं पाच, चार कामांची आणि एक बंदचं, पण वरची अक्षरं बोटं लागून लागून पुसून गेलेली.

"कुठलं बटण कशाचं?" दादांनी विचारलं.

"हाताला कळतं."

"तुमच्या हाताला. माझ्या?"

"त्यालाही कळेल. आधी थोडा घाबरेल." सुतारानं मशीनवरून शेवटचा हात फिरवला. "रंधायच्या आधी फळीवर पेन्सिलीनं रेघोट्या ओढायच्या. रेघोट्या गेल्या की समजायचं, फळी सपाट झाली. आणि पलीकडून फळी धरायला माणूस लागतो. कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही अर्धंच मशीन नेताय," सुतार म्हणाला.

दादांना एकच वस्तू करायची होती: बाकडं. वडील गेल्यावर दादांचं आणि धाकट्या भावाचं भांडण झालं आणि घराच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत उभी राहिली. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नव्हतं. त्यामुळे मिटवायचं कुठून, तेही कळत नव्हतं. भिंत पुरुषांची होती. बायकांनी ती कधी मानलीच नाही. बाहेर दोन दारं शेजारी शेजारी. दोघी जावा आपापल्या दगडी पायरीवर बसून गप्पा मारायच्या. दादांची बायको म्हणायची, "एक लांब बाकडं करा हो. दोन्ही दारांपुढं पुरेल असं. दगडावर बसून आमच्या कंबरा गेल्या." दादा म्हणायचे, "करू."

करू करू म्हणता ती गेली. आता धाकटी जाऊ एकटीच पायरीवर बसायची, तोंड रिकाम्या पायरीकडं करून. हे खिडकीतून पाहवेना, म्हणून दादांनी मशीन आणलं.

तर फळी लांब हवी होती, आणि खोली निम्मीच उरली होती. दादांनी फळीचं एक टोक मशीनमध्ये घातलं, बटण दाबलं आणि रुळांनी ती आत ओढायला सुरुवात केली. तेच टोक पलीकडून निघालं आणि भिंतीला भिडलं. मशीन काही थांबेना. दादांनी घाईघाईनं दुसरं बटण दाबलं, करवत फिरायला लागली. तिसरं दाबलं, भोक पाडायचं यंत्र घुमायला लागलं. भिंत होती एकेरी विटांची, रागाच्या भरात बांधलेली. सिमेंट कमी आणि संताप जास्त. जुन्या मशीनचा जोर ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे पटायचं नाही, पण एक वीट सरकली, मग दुसरी, आणि फळी थेट धाकट्याच्या स्वयंपाकघरात निघाली.

चौथं बटण बंदचं निघालं. धूळ खाली बसली. भोकातून धाकट्या जावेचा चेहरा दिसला.

"भावजी, फळी तुमची का?"

"हो. लागलं का कुणाला?"

"डबे पडले. माणसं शाबूत आहेत."

मागून धाकट्याचा आवाज आला. "त्यांना सांग, भिंत निम्मी आमची आहे."

"त्याला म्हणावं, आमच्या निम्म्यातूनच आलीय फळी."

"आली, पण तिथं थांबली नाही म्हणावं."

"मी दूध तापत ठेवलंय," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा." आणि ती निघून गेली.

भोकापाशी कुणीच नव्हतं. दादा भोकालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "बाकडं करायचं होतं. ती म्हणायची, ते." मग हातातल्या फळीचं वजन एकदम निम्मं झालं. पलीकडून कुणीतरी टोक उचललं होतं.

काम सुरू झालं. दादा फळी आत घालायचे, धाकटा पलीकडे झेलायचा आणि मशीनच्या वरून परत सारायचा. मोटरीच्या घरघरीत बोलणं शक्य नव्हतं, आणि तसंही दोघं बोलत नव्हतेच. दुसऱ्याच फेरीला फळी परत आली ती पेन्सिलीचं अक्षर घेऊन. "हळू सोड. माझी बोटं आहेत."

दादांनी खाली लिहिलं, "बोटं आहेत तर वापर." आणि फळी आत घातली.

आता मशीनची पाती वरून फिरतात. वर जे लिहाल ते पलीकडे पोचायच्या आत सोलून निघणार. दादांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण भांडणात माणसाला आपली बाजू तेवढी दिसते. धाकट्याच्या हाती कोरी फळी गेली.

"उत्तर तरी दे," फळी म्हणत आली. पाठोपाठ, "बाबांची खुर्ची तूच ठेवून घेतलीस."

"तिचा पाय मोडलाय. हवी तर ने," दादांनी लिहिलं. त्याच्या ढलप्या झाल्या.

"पोरीच्या लग्नाला आला नाहीस."

"मागं उभा होतो. तू पाहुण्यांत होतास." ढलप्या.

धाकट्याचं अक्षर मोठं होत गेलं आणि फळी पातळ. दोघांनाही वाटत होतं, समोरचा दगड आहे. मग एकदा फळी आली ती बारीक, नीट अक्षरात.

"वहिनी गेली त्या दिवशी दारात उभा होतो. तू आत ये म्हणाला नाहीस."

दादा स्टुलावर बसले. पेन्सिलीला टोक केलं. लिहिलं, "मला त्या दिवशी कुणीच दिसत नव्हतं. तू आला होतास, हे आज कळतंय." दोनदा वाचलं आणि फळी मशीनमध्ये सोडली.

परत आली तेव्हा तिच्यावर एवढंच होतं: "बरं. समजलो." आणि पलीकडचं टोक धप्पकन खाली पडलं. धाकट्यानं हात सोडला होता.

दादा फळीकडं पाहत राहिले. मग पायाशी पडलेल्या ढिगाकडं. एका वळलेल्या ढलपीवर त्यांच्याच अक्षराचे तुकडे होते. त्यांनी बंदचं बटण शोधलं. करवत फिरली, भोक पाडायचं यंत्र घुमलं. शेवटी त्यांनी सरळ प्लगच उपटला.

"छोट्या," दादा म्हणाले. साठीला टेकलेल्या माणसाला या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "आत ये."

धाकट्याचं डोकं भोकापाशी आलं.

"कुठून? भोकातून?"

"दारातून ये. माझी उत्तरं सगळी ढलप्यांत गेली रे."

धाकटा आला, उंबऱ्यात जरा थांबला आणि मग आत आला. "काय लिहिलं होतंस?"

दादांनी खुर्चीचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. तिसरं त्यांना बोलवेना. त्यांनी पायानं ढीग पुढं सरकवला. धाकटा खाली बसला आणि एकेक ढलपी उजेडाकडं धरून बघायला लागला. दादा तोवर बाबांच्या खुर्चीचा मोडका पाय उगाचच हलवून बघत होते.

बाकडं झालं. फळी मात्र इतकी पातळ उरली होती की दोन टोकांना दोघं भाऊ बसले की ती मधे वाकायची आणि दोघं घसरत घसरत एकमेकांच्या खांद्याला येऊन टेकायचे. ज्यांच्यासाठी बाकडं केलं त्यांतली एक नव्हती, आणि दुसरी अजून दगडावरच बसलेली.

धाकट्या जावेनं बाकड्याकडं पाहिलं, वाकलेल्या फळीकडं पाहिलं, मग दोघांकडं.

"यावर तिसरं माणूस कसं बसायचं भावजी? जाऊबाई म्हणायच्या ते काही खोटं नाही. तुम्ही नेहमी अर्धंच मोजता."

दादा शेजारच्या रिकाम्या पायरीकडं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "जरा पुन्हा म्हणतेस?"