फरारी पुस्तक

धोंडिराम गुरुजींना बायकोनं सांगलीला हिंग आणायला पाठवलं आणि ते चित्रांचं पुस्तक घेऊन आले, तिथंच सगळं बिघडलं. (हिंग राहिलाच.) पुस्तकात एक मिशाळ दरोडेखोर होता. दरोडा घालायला जायचा आणि त्याच घरात पोटभर जेवून घोरत पडायचा. गुरुजी वाचताना स्वतः घोरून दाखवायचे. दुसरीची पोरं हसून हसून पाटीवर पडायची.

इथवर ठीक होतं. पण सरपंच आप्पासोंच्या मिशा नेमक्या त्या चित्रातल्यासारख्या. ते रस्त्यानं निघाले, की पोरं दोन्ही बाजूंनी घोरायला लागली. आप्पासो तडक तालुक्याला गेले आणि शाळा तपासणाऱ्या साहेबांच्या कानावर घातलं, की आमचा मास्तर पोरांना दरोडे शिकवतोय.

साहेब येणार म्हटल्यावर गुरुजींच्या बायकोच्या, विजयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. बदली झाली तर ती दुष्काळी आटपाडीकडंच होणार, हे ठरलेलं. मागं तिकडं होते, तेव्हा लांबून पाणी आणता आणता तिचं पोटातलं पोर गेलं होतं. इथं कृष्णाकाठी दारात आड होता, आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

"आवं, पुस्तक सायबांच्या पुढ्यात ठेवा, चुकलं म्हणा आन् पाय धरा," ती म्हणाली. "पर मला तिकडं परत नेऊ नगा. मला लय भ्या वाटतंय."

"दोनी पाय धरतो की!" गुरुजी म्हणाले. (एवढं एक काम त्यांना नीट जमत असे.)

पण गुरुजींच्या पोटात काही राहील तर शपथ. त्यांनी वर्गात जाऊन रडक्या तोंडानं सांगून टाकलं, "पोरांनो, उद्या सायेब येनार, आपलं पुस्तक पकडून नेनार."

आता हे कुठं बोलावं, याची काही अक्कल? ह्या गावानं बेचाळीसच्या चळवळीत फरारी लपवले होते. दुसरीतल्या राहीची आजी येसूबाई. तिच्या नवऱ्याचं प्रेत पोलिसांनी चावडीपुढं आणून टाकलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो कोन? मी वळखत न्हाई." ओळख दिली असती, तर तिच्या घरात लपलेली माणसं सापडली असती. कपाळाचं कुंकू तसंच ठेवून ती खुरपं घेऊन शेतावर गेली. गावातली पोरं अंगाईच्या जागी हेच ऐकत वाढलेली.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीवर टेकले. गुरुजींनी हात जोडले, कपाट उघडलं. पुस्तक गायब.

"आत्ता होतं की हितं!" गुरुजींना दरदरून घाम फुटला. "राही, आपलं पुस्तक कुठाय गं?"

"कसलं पुस्तक?" राही म्हणाली.

"अगं, ते मिशीवाल्याचं!"

"कोन मिशीवाला? आमी वळखत न्हाई."

साहेब पुढं सरकले. "बाळ, घाबरू नकोस. गुरुजी तुम्हाला गोष्टी वाचून दाखवतात ना?"

"न्हाई."

"कविता?"

"न्हाई."

"मग शिकवतात तरी काय?"

"काय बी न्हाई!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. इतकं एका सुरात पाढे त्यांनी जन्मात म्हटले नव्हते.

"सायेब, खोटं बोलत्यात हो!" गुरुजी कळवळले. "मी वाचून दाखवलंय! दरोडेखोराचं! घोरून दाखवलंय!" आणि पुराव्यादाखल त्यांनी साहेबांपुढं घोरूनही दाखवलं.

साहेबांनी एकदा गुरुजींकडं, एकदा पोरांकडं पाहिलं. राहीला वाटलं, गुरुजी आता माराला भिऊन सगळं ओकणार. ती उठून उभी राहिली. गुरुजींकडं बोट केलं. आवाज खणखणीत.

"सायेब, ह्यो मानूस कोन, त्ये बी आमास्नी ठावं न्हाई."

साहेब उठले. आप्पासोंची तक्रार खोटी निघाली, असं ते म्हणाले. गुरुजींच्या जिवात जीव आला. मग साहेब म्हणाले, "जो मास्तर मुलांना तोंडओळखीचाही नाही, त्याला इथं ठेवून काय करायचंय? आटपाडीकडं जागा आहे."

साहेबांची जीप धुरळा उडवत गेली आणि पोरांनी गुरुजींना गराडा घातला.

"गुरुजी, वाचिवलं का न्हाई तुमास्नी?" राही म्हणाली. मार खायच्या तयारीनं ती आली होती. अंगात दोन झंपर होते.

त्या पोरीला काय सांगणार? "शाबास," गुरुजी म्हणाले.

घरी विजयमाला उंबऱ्यातच बसली होती. नवऱ्याचं तोंड बघून तिनं ओळखलं.

"पुस्तक घावलं त्यांस्नी?"

"न्हाई."

"मग बदली कशापायी?"

"मी त्ये पोरांस्नी वाचून दाखवलं न्हाई म्हनून," धोंडिराम गुरुजी म्हणाले.