दोन जिल्ह्यांच्या चौगुले सिस्टर

चौगुले सिस्टरांची स्कूटी फाटकात वाजली की मी आधी खाटा मोजतो. खाटा कमी होत नाहीत, पण जागेवर राहत नाहीत. सकाळी पुढच्या हॉलमध्ये असलेली खाट दुपारी स्वयंपाकघरामागच्या खोलीत सापडते, तीही वरच्या म्हाताऱ्यासकट. विचारलं तर सिस्टरांचं उत्तर ठरलेलं, "आवं साहेब, बिघडलं कुठं?"

बिघडलं कुठं, हेच तर मला कळत नसे. मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. कोण कधी आला, कधी गेला, कुठल्या खात्यात बसला हे लिहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. निवृत्तीनंतर या वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक झालो, तेव्हा वाटलं होतं की आता सगळं शांत. म्हातारी माणसं, हलून हलून किती हलणार?

आमचा आश्रम कऱ्हाडच्या पुढे, सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो तिथे आहे. तिथे म्हणजे अगदी तिथेच. दोन शेजाऱ्यांनी बांधाच्या अलीकडची-पलीकडची जमीन दान दिली आणि बांधणाऱ्याने मधला बांध काढून वर इमारत उभी केली. त्यामुळे फाटक, ऑफिस आणि पुढचा हॉल साताऱ्यात, स्वयंपाकघर आणि मागच्या खोल्या सांगलीत. आमटीला फोडणी सांगलीत बसते आणि ती साताऱ्यात वाढली जाते. कुठल्याही सरकारी अर्जावर जिल्हा लिहायची वेळ आली की माझा पेन अडतो.

सिस्टर या आश्रमाच्या कोणीच नाहीत. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सांगलीकडच्या जैन, मागच्या गल्लीत एकट्या राहतात. एकदा कुणाची तरी जखम बांधायला आल्या आणि मग येतच राहिल्या. आल्या की प्रत्येकाच्या पाठीखाली तळहात सरकवून बघतात. गादी नीट नसेल तर माझ्याकडे असं बघतात, की ती कापूस पिंजून मीच भरली असावी. आणि भेटेल त्याला पहिला प्रश्न, "झोप लागली का?" आश्रमातल्यांना विचारलं तर समजू शकतो. पण आमचे अध्यक्ष, गॅसवाला, मतदारयादी तपासायला आलेली शिक्षिका, सगळ्यांना तेच. अध्यक्ष तर एकदा गडबडून म्हणाले, "लागली, पण साडेतीनला जाग आली हो." सिस्टरांनी त्यांना तिथेच बसवून अर्धा तास प्रश्न विचारले.

हे सगळं मी चालवून घेत होतो. गोंधळ वाढला तो ज्ञानू आप्पांमुळे.

ज्ञानू आप्पा हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. कॅन्सर हाडात उतरला होता. दवाखान्याने सांगितलं, "आता उपचार नाहीत, घरी घेऊन जा." घर म्हणजे आमचाच आश्रम. पण आश्रमाचा नियम असा, की ज्याला स्वतः उठून पंगतीला येता येत नाही त्याला ठेवायचं नाही. पुतण्या शिरवळला कंपनीत, एका खोलीत चौघं. तो फोनवर रडला, पण "आणा" म्हणाला नाही. आप्पा दुखतं असं कधी म्हणत नसत. "काय न्हाई, ठीक हाय," एवढंच. पण त्यांचा टॉवेल मी एकदा उचलला, तर त्याची कड चावून चावून चिंध्या झालेली. मला ते बघवेना. आणि जे बघवत नाही ते दुसरीकडे पाठवायचं, हा माझा जुना स्वभाव. मी दवाखान्याला पत्र लिहायला घेतलं.

"कुठं पाठवताय?" सिस्टरांनी विचारलं.

"दवाखान्यात."

"त्यांनीच हिकडं पाठवलंय न्हवं?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा. बरे व्हायचे नाहीत, तर ठेवून उपयोग काय?"

सिस्टर माझ्यासमोर बसल्या. "साहेब, आजार बरा हुणार न्हाई. पर दुखणं कमी हुतंय. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत. त्याला गोळ्या असत्यात, त्याला शिकल्याली माणसं असत्यात. आन ती घरी येत्यात."

हे मला खरंच नवीन होतं. दवाखाना म्हणजे बरं करायची जागा, आणि बरं होणार नसेल तर फक्त नशीब, एवढंच मला माहीत. सांगलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयाने अशी गाडी सुरू केली होती. डॉक्टर आणि नर्स घरोघर जाऊन अशा रुग्णांना बघायचे. साताऱ्याच्या बाजूला, निदान आमच्या भागात, ती सोय अजून पोहोचली नव्हती. आणि ती गाडी हद्द ओलांडत नसे. आप्पा झोपत पुढच्या हॉलमध्ये.

दुसऱ्या दिवशी आप्पांची खाट मागच्या खोलीत होती.

मी ओरडलो. सिस्टर म्हणाल्या, "बिघडलं कुठं?" आणि आता कुठे मला या खाटा फिरवण्याचा अर्थ लागला. बाई इतके दिवस कुणाला डोळ्यांच्या शिबिरासाठी साताऱ्यात ढकलत होत्या, कुणाला दातांसाठी सांगलीत. मी मात्र ते वाऱ्याची दिशा बघून चाललंय असं समजत होतो.

इथे माझ्या हातून मूर्खपणा घडला. काम नियमात असावं म्हणून मीच तलाठ्यांना नकाशा घेऊन बोलावलं, आणि तेही नेमकं गाडी यायच्या दिवशी.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "पेशंट कुठल्या जिल्ह्यातले?"

मी खरं ते सांगितलं, "आधी साताऱ्यात होते, आता सांगलीत आहेत."

"अहो, एवढ्या दुखण्यात प्रवास कशाला करायला लावलात?"

"तेवीस फूट," मी म्हणालो.

तोवर तलाठ्यांनी टेप लावली. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, हे सांगायला आजही लाज वाटते. त्यांनी दोनदा मोजलं, नकाशा उलटा-सुलटा केला, कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, की हद्द या खोलीतूनच जाते. आप्पांचं डोकं सांगलीत आणि पाय साताऱ्यात.

डॉक्टरांचा पेन कागदावर थांबलेला. आता गाडी परत जाणार, आणि ती मी घालवली.

सिस्टर तलाठ्यांकडे वळल्या. "झोप लागली का?"

"अं? हो."

"ह्यांना न्हाई लागली बारा दिवस. दुखतंय कंबरंत. तेवढं सांगा, कंबर कुणाची?"

तलाठी टेपवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग डॉक्टरांनीच नकाशाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. "कंबर आमची," त्या म्हणाल्या, आणि आप्पांच्या शेजारी खाटेवर बसल्या.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांना भीती, की म्हाताऱ्याला नशेची सवय लागेल. सिस्टरांनी त्यांना आप्पांजवळ अर्धा तास बसवलं, पुन्हा त्यांनी विषय काढला नाही, नियमाचाही नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्याकडे दाढीचं सामान मागितलं आणि "लय दिवसांनी झोपलो गड्या," म्हणाले. ते पत्र मी फाडलं.

आप्पा पाच आठवडे राहिले. एका बुधवारी दुपारी, सिस्टरांच्या हातात हात असताना, शांतपणे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे कागद पुरे करायला मी उशिरापर्यंत बसलो होतो. एरवी पाचला घरी जातो. साडेपाचला स्कूटी वाजली. सिस्टर डबा घेऊन मागच्या खोलीत गेल्या. मी स्वयंपाकाच्या हौसाबाईंना विचारलं, "या आता कशाला आल्या?"

"रोजच येत्यात की. तुमी पाचला जाताय, तुमाला कसं दिसंल? दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय त्यांना. आप्पाबरं जेवायच्या."

"आप्पांना भरवायच्या?"

"आप्पा चार घास खायाचा, साहेब. ह्याच जेवायच्या. मालक जाऊन अकरा वर्सं झाली, घरात एकट्यानं घास उतरत न्हाई म्हणायच्या."

खोलीत आप्पांची गादी गुंडाळून ठेवलेली. सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. समोर डब्याचे दोन कप्पे उघडे. एकात भाकरी-भाजी आणि दुसऱ्यात दूधभात, आजारी माणसासाठी कालवावा तसा अगदी मऊ.

"कालवून ठेवला बघा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हाताला कळलंच न्हाई."

इतके दिवस मी या बाईंनी हलवलेल्या खाटा मोजत होतो, आणि संध्याकाळी या कुणाबरोबर जेवतात हे मला ठाऊक नव्हतं. मी रात्री नऊला जेवतो. भूक अजिबात नव्हती. दुसरं स्टूल ओढून मी दूधभाताचा कप्पा पुढे घेतला.

त्यांनी भाकरी मोडली. दिवस मावळायला अजून वीस मिनिटं होती. आम्ही सावकाश जेवलो.