पाठराखिणीची ओटी

लोकांना नियम सांगितला तर ते ऐकत नाहीत. तोच नियम ओवीत बसवून दिला तर पाठ करतात. ही माझी खात्री आहे, आणि नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात बावीस वर्षं खुर्ची घासून मी ती कमावली आहे. ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीला टेकूनच आमच्याकडे कचऱ्याचा ढीग उभा असतो, जणू त्याला आधार म्हणूनच पाटी रोवली आहे. पण मी ओल्या-सुक्या कचऱ्याची ओवी रचून घंटागाडीवर लावली, तर आठ दिवसांत बायका ती भाकरी थापताना म्हणू लागल्या. कचरा एकत्रच टाकत होत्या, ते सोडा. ओवी चढली होती ना!

एक दिवस माझ्या ओवीखाली माझं नाव छापून येणार, हेही मी ठरवून ठेवलं होतं. ‘रचना : गोपाळकृष्ण’. बारीक अक्षरात का होईना. माझ्या बायकोला, विनोदिनीला, मी हे अधूनमधून सांगत असे. घंटागाडीवरचा आवाज तिचाच. ती ‘हो का’ म्हणून मेथी निवडत बसे.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या वळणात, आईच्या मांडीवर मूल निजावं तसं निजलेलं आहे. आई मांडी हलवते तेव्हा पंचाईत होते, आणि ती सगळ्यात आधी तळगल्लीची होते. तळगल्ली म्हणजे नाल्याकाठची साठ घरं. तिथं पूर दारातून येत नाही. नदी फुगली की नाला उलटा फिरतो, पाणी गटाराच्या पाइपातून मागं सरकतं आणि थेट संडासाच्या भांड्यातून वर येतं. तळगल्लीच्या राहीबाई पावसाळ्यात त्या भांड्यावर पाटा ठेवतात, पाट्यावर वाळूची दोन पोती ठेवतात आणि वर स्वतः बसायची तयारी ठेवतात.

“आवं गोपाळराव,” त्या एकदा मला म्हणाल्या, “पुढल्या दारानं येनाऱ्या पाव्हण्याला आमी भीत न्हाई. चहा पाजू, वाटं लावू. ह्यो मागल्या दारानं येतूय त्येचं काय करायचं, सांगा.”

यावर उपाय होता. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एकेक झडप. गटाराला नाल्यात जाऊ देणारी आणि नाल्याला घरात येऊ न देणारी. साधी गोष्ट, पण साठ घरांसाठी ती आणायची कुठून, हा प्रश्न.

अशात हॉलंडमधल्या एका शहराशी आमचं सहकार्य जुळलं. त्यांचा बराचसा देश म्हणे समुद्राच्या पातळीखाली आहे, म्हणजे ती तिकडची तळगल्लीच. बदलत्या पावसाला टिकतील अशी गावं उभी करायची, एकानं दुसऱ्याला शिकवायचं, असा तो कार्यक्रम. पहिल्या टप्प्यात त्यांनी एक यंत्र पाठवलं. नाल्यावरच्या पुलाशेजारी खांब, खांबाला पाण्यावर झुकलेला हात आणि हाताच्या टोकाला एक डबी. डबी वरून खाली बघते, पाणी किती लांब आहे ते मोजते, आणि पाणी फार जवळ आलं की शाळेच्या गच्चीवरचा भोंगा आपोआप वाजतो. मग तळगल्लीनं उठून शाळेत जायचं. हे यंत्र लोकांनी वर्षभर नीट सांभाळलं आणि ते नीट चाललं, तर दुसऱ्या टप्प्यात झडपा. ते बघायला श्रावणात तिकडच्या बाई स्वतः येणार होत्या.

आता यंत्राचं आमच्याकडे काय झालं, ते सांगतो. पहिल्या आठवड्यात खांबाला शेळी बांधली गेली. दुसऱ्यात त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक चढला. तिसऱ्यात डबीच्या हातावर कुणीतरी ओली चादर वाळत घातली. आमच्या मुख्याधिकारी संयोगिता मॅडमनी मला बोलावलं.

“गोपाळराव, जनजागृती करा. पत्रकं छापा.”

“पत्रकात भजी बांधतात, मॅडम,” मी म्हणालो. “माझ्यावर सोपवा. लोकांना यंत्र जपायला सांगून उपयोग नाही. त्याला नातं लावून द्यावं लागतं.”

त्याच संध्याकाळी मी नातं लावलं. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, पाठराखीण. तिनं नवरीवर नजर ठेवायची, तिचं हवं-नको बघायचं. डबी कृष्णेवर नजर ठेवते. मग ती कोण?

नाल्याच्या काठावरी, कोण उभी एकलीण,
कृष्णाबाईची गं, आली पाठराखीण.

रातंदिस हिचा, पाण्यावरती डोळा,
वाढता पूर हिनं, गल्ली करावी गोळा.

ओवी विनोदिनीच्या गळ्यातून घंटागाडीवर चढली. कुणी रचली ते मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, हॉलंडच्या बाई येतील तेव्हा एकदम सांगू, उठून दिसेल. दहा दिवसांत शेळी सुटली, फलक उतरला, चादर गेली. कुणी खांबाजवळ थुंकलं तर बायका दारातून ओरडत, “आरं, पाठराखीण हाय ती!” वर्षभर यंत्राला ओरखडा नाही. मी ऑफिसात मान जरा तिरकी करून चालू लागलो.

श्रावणातला शुक्रवार उजाडला. अकराला पाहुण्या येणार. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी दोन दिवस चालू होती, नदी अंगानं भरली होती. पण आमच्या नाल्यात घोट्याएवढंच पाणी. मी इस्त्रीचा सदरा घालून, शेवंतीचा हार घेऊन पुलावर उभा राहिलो. शाळेची किल्ली आणि भोंग्याची देखरेख सुभेदार लालासाहेबांकडे होती. वडूजकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. ते शाळेच्या फाटकात असे उभे होते की त्यांच्यापुढे फाटक वाकडं वाटावं.

साडेदहाला घंटागाडी गेली. गाण्याच्या मागून तळगल्लीच्या बायकाही म्हणत होत्या. मी डोळे मिटून ऐकत होतो. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. गाडी वळणाआड गेली तरी बायका थांबल्या नाहीत.

पाठराखीण आली, तिची भरा गं ओटी,
नारळ ठेवियेला, हिरव्या खणाच्या पोटी.

मी डोळे उघडले. ही तिसरी ओवी माझी नव्हती.

“राहीबाई,” त्या पुलावरून परत चालल्या होत्या, हातात रिकामं तबक, “हे तिसरं कुठून आलं?”

“आता ते काय सांगू? आलं तोंडात.” त्यांनी तबक काखेत मारलं. “आन् आलं ते बरं झालं बगा. आज हिच्या म्हायेरची मान्सं यायची. वरीस झालं, लेक आपल्या दारात उबी हाय, ऊन न्हाई की पाऊस न्हाई. तिला तशीच रिकाम्या वटीनं दाखवायची व्हय? काय म्हनतील ती? भरली आत्ताच. खण, नारळ, पाच मुठी गहू.”

“भरली? पण ओटी भरायची तर पदर लागतो. यंत्राला पदर कुठला?”

“न्हाई ना. मग गळ्यात बांदली.”

मी सावकाश मान वळवली. खांबाच्या हाताच्या टोकाला, डबीच्या बरोबर हनुवटीखाली, हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ डौलात लोंबत होता. डबीवर हळदीकुंकू होतं. ती खाली पाण्याकडे बघायची ती आता वितीवरच्या नारळाकडे बघत होती, आणि तिच्या हिशेबानं कृष्णामाई तिच्या नाकाला लागली होती.

“राहीबाई, ते सोडा आधी...” एवढंच मी म्हणालो, आणि भोंगा वाजला.

तो आवाज मी याआधी ऐकला नव्हता. शंभर म्हशी एकदम विहिरीत पडल्या तर जो आवाज होईल, तो. राहीबाईंच्या काखेतलं तबक गेलं आणि त्यांच्यामागून त्याही गेल्या, घराकडे. “पूर आला गं, पूर आला!” गल्लीची साठही दारं एकदम उघडली.

मी पुलावरून खाली बघितलं. घोट्याएवढं पाणी, त्यात एक बगळा निवांत उभा. सगळं मला स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही, वाचकहो, मी पळालो. का, ते विचारू नका. बावीस वर्षं सरकारी नोकरी केली की माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा भोंग्यावर जास्त विश्वास ठेवतो.

तळगल्ली शाळेकडे निघाली. कुणाच्या डोक्यावर मिक्सर, कुणाच्या खांद्यावर गॅसची टाकी. एका गालाची दाढी झालेला एक गृहस्थ सासऱ्यांचा फोटो छातीशी धरून पळत होता. बायकोचा धाक असा असावा. बनुबाई म्हणून एक थकलेल्या आजी लोणच्याची बरणी सोडायला तयार नव्हत्या, म्हणून दोघांनी त्यांना बरणीसकट खुर्चीतून उचललं. मला वाटेत कुणीतरी शेळी दिली. “धरा सायेब,” म्हणाला आणि आईला आणायला परत गेला. मी एका काखेत हार आणि दुसऱ्या काखेत शेळी घेऊन धावत होतो. शाळेपर्यंत पोचलो तेव्हा फक्त शेळी उरली होती. हार तिच्या पोटात.

फाटकात लालासाहेब पलटणीच्या हिंदीत गरजत होते. “पहले बुजुर्ग! फिर लेकुरवाळ्या! बकरी लास्ट में! साहब, आप बकरी के साथ!”

मी बकरीबरोबर उभा राहिलो. त्याच वेळी पांढरी गाडी फाटकाशी थांबली. मॅडम उतरल्या, त्यांच्यामागून एक उंच, पिकल्या केसांच्या बाई उतरल्या. योहानाबाई. त्यांनी गच्चीवरच्या भोंग्याकडे बघितलं, वरच्या मजल्याकडे बघितलं. तिथं कठड्यावरून साठ घरं आणि बनुबाईंची बरणी त्यांच्याकडे बघत होती. मग त्या पुलाकडे चालू लागल्या. मागून मॅडम, मॅडममागून मी, माझ्यामागून शेळी. आणि कुणी हाक न मारताही राहीबाई वरून उतरून आल्या.

योहानाबाईंनी नाल्यात डोकावलं. बगळा जागचा हलला नव्हता. मग त्यांना डबीच्या गळ्यातला नारळ दिसला.

मॅडमचा चेहरा लाल झाला. यंत्र खोटं बोललं होतं, तेही पाहुण्यांसमोर. झडपा गेल्या, हे मला कळलं. ते राहीबाईंनाही कळलं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला. येणाऱ्या पुरात पुन्हा पाटा, पुन्हा वाळूची पोती.

“गोपाळराव,” मॅडम दात न उघडता म्हणाल्या, “हा प्रकार काय आहे?”

“त्यो प्रकार न्हाई, वटी हाय,” राहीबाईच पुढे झाल्या. “मी भरली. मला काय बोलायचं ते बोला. पाठराखिणीला रिकामी उबी ठिवत न्हाईत आमच्यात.”

“पाठराखीण? यंत्राला? हे कुणी काढलं?”

“गान्यात हाय की.”

“कुणाचं गाणं?” मॅडम माझ्याकडे वळल्या. “घंटागाडी तुमच्या विभागाची. कुणी रचलं हे? मला नाव हवंय.”

बावीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो प्रश्न माझ्यासमोर उभा होता. माझी छाती अर्धी फुगलीदेखील. मग मॅडमच्या हातातलं पेन दिसलं. कारणे दाखवा नोटीस लिहितात, ते निळं.

“पारंपरिक आहे, मॅडम,” मी म्हणालो. “जुनं. जात्यावरचं. फार जुनं.”

शेळीनं माझ्याकडे बघितलं. विनोदिनी तिथं नव्हती, हे नशीब.

मॅडमनी नाइलाजानं ते सगळं इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. नवरी, पाठराखीण, ओटी, माहेर. माहेर म्हणजे काय, ते सांगायला जरा वेळ लागला. योहानाबाईंनी एक प्रश्न विचारला. मॅडम राहीबाईंना म्हणाल्या, “त्या विचारतायत, सगळे किती वेळात शाळेत पोचले?”

“एकोणीस मिनिट!” आमच्यामागून येऊन पोचलेले लालासाहेब गरजले. “कोई पीछे नहीं!”

योहानाबाई हसल्या. मग बोलू लागल्या आणि मॅडम एकेक वाक्य मराठीत आणू लागल्या. आणताना त्यांचा आवाज बदलत गेला. “त्या म्हणतायत, डबीला जाळीची टोपी बसवली की तिच्याखाली कुणाला काही बांधता येणार नाही. ते एका दिवसाचं काम. पण भोंगा वाजल्यावर माणसं उठत नाहीत, ही त्यांच्याकडची अडचण आहे. चहा संपवून निघतात. इथं पहिल्याच हाकेला शेळीसकट गल्ली उठली. हे यंत्रानं होत नाही, त्या म्हणतायत. हे त्या गाण्यानं झालं.”

मी घसा खाकरला. “मॅडम, ते गाणं...”

“थांबा जरा, त्या लिहून घेतायत. काय म्हणालात मघाशी? किती जुनं?”

“तसं अगदी फार जुनं नाही म्हणता येणार...”

“आवं, माझी आज्जी म्हनायची!” राहीबाई म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा इतका खरा होता की क्षणभर मलाही ती म्हातारी जात्यापाशी दिसली.

राहीबाईंनी टाचा उंचावून खण सोडला. नारळ, गहू, सगळं तसंच योहानाबाईंच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, “तुमची लेक आमी नीट संभाळलीया. आता मागल्या दाराचं तेवडं बगा.” हे मॅडमनी इंग्रजीत सांगितलं की नाही, मला आठवत नाही. सांगायची गरज पडली नसावी.

झडपा मार्चमध्ये बसल्या. यंदाच्या श्रावणात नदी फुगली, नाला उलटा फिरला, पाइपांच्या तोंडाशी धडका देऊन परत गेला. राहीबाईंनी पाटा धुऊन स्वयंपाकघरात नेला. त्यावर वाटलेली चटणी त्यांनी आमच्याकडेही पाठवली. आम्ही खाल्ली. पाटा चांगला धुतला होता.

पुलावर आता एक सुरेख फलक आहे. मराठीत, इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत. त्यावर तिन्ही ओव्या आहेत. माझ्या दोन आणि राहीबाईंच्या तोंडात आलेली एक. त्यातली एकही ओळ न समजणारे लोकही फोटो काढून जातात. खाली, बारीक अक्षरात, अगदी मला हवं होतं तेवढ्याच, लिहिलेलं आहे : ‘रचना : पारंपरिक’.

मी घरी येऊन विनोदिनीला ते सांगितलं. ती ‘हो का’ म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली.

“अहो पारंपरिक, चहा झालाय.”