मागितलं ते सगळं मिळालं

ज्या दिवशी बायको गेली, त्या दिवशी सकाळी मी इस्पितळाच्या दारात वॉचमनशी हुज्जत घालत होतो. पेशंटजवळ एका वेळी एकच माणूस, असा तिथला नियम. मुलगी आधीच वर होती आणि मलाही जायचं होतं. म्हणजे दोघांची परवानगी हवी होती, म्हणून मी चौघांची मागितली. तो एकाला चिकटला, मी चौघांना. घासाघीस करत करत आम्ही दोघांवर आलो, तेवढ्यात मुलगी जिना उतरून आली. माझं मनगट धरून म्हणाली, "बाबा, आता भांडू नका." एवढ्यावरून मला कळलं. वॉचमन खुर्चीवरून उठला आणि त्याने दार पूर्ण उघडलं. भला माणूस होता.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी कोणी घासाघीस करतं का? मी करतो. आयुष्यभर तेच केलं. बेअरिंगच्या कारखान्यात मी कामगारांचा प्रतिनिधी होतो, आणि आमच्या धंद्याचं एकच शास्त्र होतं. पाच हवे असतील तर पंधरा मागायचे. साहेब म्हणणार, शून्य. मग चहा येणार. मग आपण टेबलावर हात आपटायचा, साहेबाने कपाळाला हात लावायचा, आणि दिवेलागणीला दोघांनी पाचावर हसत सह्या करायच्या. हे साहेबालाही ठाऊक असायचं. एकदम पाच मागितले असते तर तोच घाबरला असता, की याला बरं नाही की काय!

त्यामुळे प्रतिनिधी कसा असावा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. युनिव्हर्सिटीनेसुद्धा नाही.

युनिव्हर्सिटीत मी कसा, ते सांगतो. बायको गेल्यावर घरात माझं कोणाशीच पटेना, कारण घरात कोणी नव्हतंच. शेवटी मी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायला लागलो. मुलीने ते ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात मला इतिहासाच्या पदवीला बसवून टाकलं. म्हणाली, भांडायचंच आहे तर मेलेल्या राजांशी भांडा, ते उलटून बोलत नाहीत.

वर्गातली मुलं माझ्या नातवंडांच्या वयाची. सगळी मला काका म्हणायची, आजोबा म्हणायची नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, वर्ग प्रतिनिधी कोण होणार? वर्ग असा गप्प झाला की जणू त्यांनी कोणाची तरी किडनी मागितली होती. सगळ्यांनी एकदम वह्यांत माना घातल्या. मला उकडत होतं, म्हणून खिडकी उघडायला सांगावं या हेतूने मी हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट! मग म्हटलं, खिडकी राहू दे. योग्य माणूस निवडला गेलाय, आता त्यात मोडता कशाला घाला?

लगेच कामाला लागलो. तास संपल्यावर दार अडवून उभा राहिलो आणि म्हटलं, तक्रारी सांगा. पहिल्या बाकावरच्या लंबूने हात वर केला. पहिल्या बाकावर बसून झोपायची हिंमत असलेला हा एकमेव मुलगा, म्हणून त्याचं नाव कुंभकर्ण. त्याचं म्हणणं, नऊचा पहिला तास फार लवकर होतो, दहाला असावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून गोळी काहीतरी बोलायला उठली होती. ही मुलगी संध्याकाळी औषधाच्या दुकानात काम करायची आणि कोणाचं डोकं दुखलं की हिच्या पिशवीतून गोळी निघायची, म्हणून ती गोळी. पण मी तोवर तापलो होतो. म्हटलं, "पोरांनो, आता तुम्ही फक्त बघा."

मीटिंग विभागाच्या लांब टेबलाभोवती होती. एका बाजूला सगळे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला आम्ही प्रतिनिधी. बाकीचे प्रतिनिधी म्हणजे कोवळी पोरं. शक्य असेल तर, अडचण नसेल तर, असं काहीतरी पुटपुटून खाली बसत होती. मला त्यांची दया आली. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि जाहीर केलं की आमच्या वर्गाचा एकही तास दुपारी एकच्या आत सुरू होता कामा नये!

हवे होते दहा. मागितला एक. हिशोब साधा होता. मॅडम म्हणणार नऊ, मी म्हणणार बारा, मग चहा, मग दहा.

मॅडम म्हणाल्या, "बरं, चालेल."

मला वाटलं, ही त्यांची चाल आहे. म्हणून मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला लवंडला. मॅडमनी तो सरळ केला आणि म्हणाल्या, एवढा आनंद झाला हे बघून बरं वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या सरांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना सकाळी दोन मुलांना दोन शाळांत सोडावं लागायचं. शेजारच्या बाई दोन बस बदलून यायच्या. तिसऱ्या सरांनी काही कारण दिलं नाही, पण त्यांचे डोळे मी पाहिले. तो माणूस कुंभकर्णाचा थोरला भाऊ शोभला असता. म्हणजे नऊचा तास या लोकांनाच कित्येक वर्षं नको होता, आणि मुलांना सकाळ आवडते अशा समजुतीने बिचारे सोसत होते!

मी घाबरून म्हटलं, मॅडम, दहासुद्धा चालतील. मॅडम म्हणाल्या, छे छे, विद्यार्थ्यांच्या मागणीत आम्ही काटछाट करणार नाही. अकरा म्हटलं, बारा म्हटलं. ऐकायलाच तयार नाहीत. कारखान्यात मी मोठमोठ्या साहेबांना वाकवलं, पण माझी स्वतःची मागणी कमी करून घ्यायला मी कोणाच्या विनवण्या कराव्यात, ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

बाहेर आलो तर मुलांनी मला डोक्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. नवरदेवाने घोड्यावरून पडावं आणि वऱ्हाडाला वाटावं की नाचायला उतरला, तशी माझी गत.

वेळापत्रक फळ्यावर लागलं तेव्हा वऱ्हाडाला खरं काय ते समजलं. पहिला तास एकला, म्हणजे शेवटचा तास संध्याकाळी साडेसहाला सुटणार. कॅन्टीन पाचला बंद. ग्रंथालय सहाला बंद. फुटबॉलवाल्यांचा सराव बुडाला, तर ते माझ्याकडे चेंडूकडे बघावं तसे बघायला लागले. कुंभकर्ण तर आता दुपारी बारापर्यंत झोपायचा आणि तरीही पहिल्या तासाला पेंगायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, काका, जास्त झोपलं की आळस येतो.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण गोळी दिसेनाशी झाली. चारनंतरच्या तासांना तिची जागा रिकामी असायची. मी तिच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे उभी राहून ती इतिहासाचं पुस्तक वाचत होती.

मी विचारलं, बाळ, तासांना का येत नाहीस?

तिने शांतपणे सांगितलं की तिची ड्यूटी चारला सुरू होते. मालक वेळ बदलून देणार नाहीत आणि घर तिच्या पगारावर चालतं. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात ती नाव काढून घेणार होती.

"मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"उठले होते की काका. तुम्ही म्हणालात, आता फक्त बघा. मग बघत बसले."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, म्हणून जास्तच लागलं. वर तिने मला घसा धरल्याची गोळी दिली, कारण माझा आवाज तिला बसलेला वाटला.

मी तडक विभागात गेलो. मॅडमनी बिचाऱ्यांनी माझ्यासाठी सगळ्या प्राध्यापकांना पुन्हा बोलावलं. आता शहाण्या माणसाने काय करावं? सरळ दहा मागावेत. पण सवय म्हणजे सवय! मी विचार केला, गेल्या वेळी वरून खाली यायला गेलो आणि वरच अडकलो. या वेळी खालून वर येऊ. म्हणून म्हटलं, आमच्या वर्गाचे तास सकाळी सातला सुरू झाले पाहिजेत. हे ऐकून सगळे ओरडतील आणि आपण दहावर येऊ.

बाकीचे ओरडलेही. पण कोपऱ्यातले सर्वांत म्हातारे सर एकदम ताठ झाले. ते रोज पहाटे चारला उठायचे आणि मग दुपारपर्यंत त्यांना करायला काही नसायचं. त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, अजून असे विद्यार्थी आहेत तर! मी सगळ्यांचे सकाळचे तास एकटा घ्यायला तयार आहे! मॅडमनी पेन उचललं.

"मॅडम, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की म्हातारे सर परत वाकडे झाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, मुलांना नेमकं काय हवंय?"

मला माहीत नव्हतं. एकट्या कुंभकर्णाला काय हवंय तेवढं माहीत होतं, आणि त्याला तर उशी दिली असती तरी पुरलं असतं. माझी बायको जेवायला वाढताना नेहमी म्हणायची, "अहो, नको म्हणताय ते ठीक, पण ताटात काय आहे ते बघा तरी." मॅडमना म्हटलं, चार दिवस द्या. चारच हवे होते आणि चारच मागितले. तोंडाला जरा चमत्कारिक चव आली.

मग मी कॅन्टीनच्या टेबलावर ठाण मांडलं आणि एकेकाला बोलावून विचारलं. मध्ये बोललो नाही. हे तुम्हाला सोपं वाटत असेल, पण मी दर वेळी तोंडात बिस्कीट ठेवायचो, तेव्हा कुठे जमलं. कोणाला आजीला दवाखान्यात न्यायचं असायचं, कोणाची बस ठरलेली, कोणी नुसतंच मन मोकळं करून गेलं. एका मुलीने घरच्यांची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाली, वेळेचं माझं काही नाही काका, कोणीतरी विचारलं म्हणून सांगितलं.

त्या चार दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती इथे सांगून टाकतो. बायको गेल्यापासून सगळे मला काही ना काही द्यायलाच येत होते. डबे, धीर, सल्ले. माझ्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. या पोरांनी मागितलं. मी त्यांची एवढी वाट लावल्यावरही मला काढून दुसरा प्रतिनिधी नेमावा असं एकाच्याही मनात आलं नाही. फुटबॉलवाल्यांनी तर मला स्वतःहून चहा पाजला. याबद्दल त्यांचे आभार मानायचे म्हटलं तर मला शब्द सापडत नाहीत, आणि भाषण केलं तर कुंभकर्ण झोपेल.

पाचव्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो. म्हटलं, दहा ते साडेतीन. सगळ्यांना जमतं. आमच्यातल्या एकीची पदवी यावर अवलंबून आहे. हवं तेवढंच मागायचं म्हणजे हातात काही राखून ठेवायचं नाही. नाही म्हणाल्या तर मागे सरकायला जागाच नाही. आयुष्यात इतका उघडा मी कुठल्याच टेबलापुढे बसलो नव्हतो.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी खोल्यांचा तक्ता काढला, फोन फिरवले, शाळेवाल्या सरांना समजावलं, बसवाल्या बाईंशी एक तास बदलून घेतला. मधल्या गोंधळात आमची मोकळी झालेली खोली दुसऱ्या विभागाने बळकावली होती, ती आठवड्यातले चार दिवस पूर्ण परत मिळवली. शुक्रवारी शेवटच्या तासाला मात्र मिळाली नाही, तो तास संध्याकाळीच राहिला. मी तोही तास मागायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा थकलेला चेहरा पाहून मिटलं आणि म्हटलं, "मॅडम, फार उपकार झाले."

गोळीने नाव काढलं नाही. हजेरी आता पुरते. दहाच्या तासाला ती माझ्या शेजारी बसते आणि मी मध्येच बोलायला लागलो की कोपर मारते.

शुक्रवारचा शेवटचा तास अजून संध्याकाळीच असतो. त्या तासाला ती दुकानात असते, म्हणून तिच्या वतीने मी ऐकतो आणि सोमवारी तिला सांगतो. निम्मं मला समजलेलं नसतं आणि उरलेलं मी विसरलेलो असतो. परवा तिने दोन लढाया माझ्या तोंडून ऐकल्या. पुस्तकात बघितलं तर दोन्हींत भलतेच लोक जिंकले होते. तो तास हलवायचा राहिला आहे.