पंच, डाय आणि उपसमिती

स्केलबी लघुप्रतिकृती मंडळाकडे स्वतःचा पंच-डाय संच नाही, ही बाब मंडळाच्या स्थापनेपासून कोणाच्याही लक्षात आली नव्हती. ती डोरीन हॅलम या विधवा बाईंनी लक्षात आणून दिली, आणि त्याबद्दल मंडळाने त्यांना पुढे कधी क्षमा केली नाही.

स्केलबी हे उत्तर समुद्राकाठचं गाव. एकेकाळी इथून मासेमारीच्या आगबोटी सुटत. आता धक्क्यावर त्यांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि समोर मासे-बटाटे तळणारी दुकानं आहेत. त्यांतला मासा बाहेरगावाहून येतो. बोटी जसजशा मोडीत निघाल्या तसतशी त्यांच्या प्रतिकृतींचा शौक असणारी मंडळी वाढली. दर गुरुवारी ती चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमत, चहा पीत आणि प्रतिकृती कशी करावी यावर बोलत. प्रत्यक्ष करत फारसं कोणी नसे. करणाऱ्याला बोलायला वेळ कुठला?

डोरीनचा नवरा रॉय मात्र न बोलता करणारा होता. बाप जिच्यावर काम करायचा ती 'मार्गरेट एलन' नावाची बोट त्याने प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून, घासून, जोडून जवळजवळ पुरी केली आणि मग तो गेला. डेकवरच्या यंत्राला आणि झाकणांना बोल्टांच्या बारीक टोप्या लावायच्या तेवढ्या राहिल्या. डोरीनला त्या लावून बोट आर्नीला दाखवायची होती. आर्नी हा खऱ्या 'मार्गरेट एलन'वरचा स्वयंपाकी, तिच्यावर काम केलेल्यांपैकी शेवटचा जिवंत माणूस. तो वृद्धाश्रमात होता, नव्वदी उलटलेली, आणि डॉक्टर त्याच्याशी पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलेनासे झाले होते.

असल्या टोप्या करायला पंच-डाय संच लागतो. भोकं पाडलेल्या पोलादी ठोकळ्यात, म्हणजे डायमध्ये, पातळ पत्रा सरकवायचा, वरून खिळ्याएवढा पंच ठेवायचा, हातोडीने एक टोला द्यायचा, की खाली टिकलीहून लहान चकती पडते. दुपारभराचं काम. डोरीनने मंडळाचा चिटणीस क्लाइव्ह ऑडली याच्याकडे संच मागितला. क्लाइव्ह रॉयचा जुना मित्र. त्याने नगरपालिकेत उभी हयात रस्त्यांवरच्या खड्ड्यांची वर्गवारी करण्यात घालवली होती. खड्डे बुजवणं हे दुसऱ्या विभागाचं काम.

"देतो की," क्लाइव्ह मनापासून म्हणाला. "रॉयसाठी एवढंही करणार नाही होय? फक्त रीतसर बैठकीत मांडतो."

त्याने मांडलं. अध्यक्ष जेफ्री थ्वेट्स यांनी चष्मा पुसून विचारलं की संच गोल चकत्यांचा घ्यायचा की षटकोनी. इथेच पहिली फूट पडली. गोलवाल्यांचं म्हणणं, गोलातून पुढे काहीही करता येतं. षटकोनीवाल्यांचं म्हणणं, बोल्टाची टोपी गोल असते असं मानणाऱ्याने विणकाम करावं. मग पत्रा दाबून धरणारी वरची पट्टी पारदर्शक हवी की पोलादी, यावरून गोलवाल्यांतही दोन तट पडले. 'संच निवड उपसमिती' नेमण्यात आली आणि दोन्ही-तिन्ही तटांना सारखा न्याय मिळावा म्हणून तिच्यात सगळ्या मंडळाला घेण्यात आलं.

उपसमितीने काम गांभीर्याने केलं. हॉलच्या भाडेकरारात ठोकाठोकीला मनाई असल्याचं आढळलं, कारण भिंतीपलीकडे त्याच वेळी बायकांचा योगवर्ग चाले. तेव्हा हातोडीचा टोला ही ठोकाठोक होते का, याबद्दल चर्चकडे विचारणा गेली. सुरक्षाप्रमुख सिरिल याने असा मुद्दा काढला की प्रशिक्षणाचा दाखला असल्याशिवाय कोणी संचाला हात लावू नये. तो ठराव एकमताने झाला. प्रशिक्षण कशावर द्यायचं, असं कोणी विचारल्यावर सिरिल म्हणाला, संचावर. संच हाताळायला दाखला आणि दाखल्याला संच, ही अडचण इतकी सुबक होती की तिच्या कौतुकात ती बैठक संपली.

शेवटी शेजारच्या गावच्या मंडळाचा अनुभव विचारावा असं ठरलं. त्यांचं उत्तर तत्परतेने आलं: तेही संच घेणार आहेत आणि स्केलबीच्या निर्णयाची वाट पाहत आहेत.

डोरीन दर गुरुवारी येऊन मागच्या खुर्चीत बसे आणि केकची बशी फिरवत असे. क्लाइव्ह तिच्याकडे न बघता चहा घेई. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं विषयपत्रिकेवर नव्हतं.

मग एका गुरुवारी वादाच्या भरात जेफ्रींच्या तोंडून निसटलं की पारदर्शक पट्टीचाच संच उत्तम, त्यांच्या स्वतःच्या घरी आहे. सिरिल उसळून म्हणाला की त्याच्याकडे पोलादी पट्टीचा आहे आणि तो जेफ्रींच्या संचाला पाणी पाजेल. पाहता पाहता टेबलाभोवतीच्या प्रत्येकाकडे एकेक संच निघाला. कोणाचा गोल, कोणाचा षटकोनी, एकाकडे दोन्ही. क्लाइव्हकडेही होता, घरच्या टेबलाच्या तळच्या खणात.

"कसे चालतात ते?" डोरीनने मागून विचारलं.

संच सगळ्यांचेच सीलबंद होते. उघडला की किंमत उतरते.

डोरीनने बशी खाली ठेवली. "मग त्यातला एक मला दुपारभर द्या ना. कुठलाही चालेल. आर्नीला गोल-षटकोनी काही दिसत नाही आता."

जेफ्रींनी घसा साफ केला. "बाई, सभासदांची खासगी मालमत्ता ही या समितीच्या कक्षेत येत नाही," ते अतिशय मृदूपणे म्हणाले. सगळ्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं, कारण तो चिटणीस होता. त्याने ते वाक्य टिपून घेतलं.

पुढच्या गुरुवारी डोरीन आली नाही. केकही आला नाही, आणि याची मात्र मंडळाने दखल घेतली. क्लाइव्हला तिच्या घरी धाडण्यात आलं. ती स्वयंपाकघरात बसली होती, समोर बोट, हातात दात कोरायची काडी. काडीचं टोक पांढऱ्या डिंकात बुडवून ती एकेक थेंब बोटीवर टेकवत होती. थेंब वाळला की त्याचा फुगीर ठिपका होई, त्यावर रंगाचा हात फिरवला की झाली टोपी.

"आलासच तर गाडी काढ," ती मान वर न करता म्हणाली. "बसमध्ये ही मावत नाही."

वृद्धाश्रमात आर्नी खिडकीशी बसला होता. डोरीनने बोट त्याच्या मांडीवरच्या पाटावर ठेवली. म्हातारा बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला. डोळे काम देत नव्हते, पण बोटं त्या ठिपक्यांवरून हळूहळू चालत गेली आणि धुराड्यामागच्या एका चिमुकल्या दारापाशी थांबली.

"हे माझं स्वयंपाकघर," तो म्हणाला. "दार डावीकडे उघडायचं. लाट आली की किटली थेट माझ्या अंगावर." मग म्हणाला, "रॉयच्या बापाला कधी नीट चहा मिळाला नाही."

डोरीन हसता हसता रडली. क्लाइव्हने तिथल्या तिथे ठरवलं की गुरुवारी उभं राहून बोलायचं: आपण चुकलो, आणि बोल्टांचं काम काडी-डिंकानेही होतं.

गुरुवारी तो उभा राहिला. जेफ्रींनी विचारलं की बोटीवरच्या टोप्यांचा व्यास किती. क्लाइव्ह म्हणाला की तो मोजला नाही. सिरिलने विचारलं की निदान कडा तरी स्वच्छ आहेत ना. सगळे त्याच्याकडे बघत होते. सगळे त्याचे आयुष्यभराचे सोबती होते, आणि प्रश्न असा होता की त्याचं अचूक उत्तर त्याला येत होतं.

"डिंकाच्या थेंबाला कड नसते," तो म्हणाला. एवढं म्हणून तो बसला.

त्या उत्तराच्या आधाराने ठराव झाला. वार्षिक प्रदर्शनात अमान्य साधनाने केलेली प्रतिकृती मुख्य दालनात ठेवता येणार नाही. मात्र मंडळ निर्दय नसल्याने तिला बाहेरच्या बोळात चहाच्या टाकीशेजारी जागा देण्यात येईल. प्रदर्शनाच्या दिवशी सगळं गाव बोळात उभं होतं. वृद्धाश्रमाच्या गाडीतून आर्नीला आणलं होतं आणि तो किटलीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. मुख्य दालनात परीक्षक एकमेकांना नियमांची कागदपत्रं दाखवत होते. संध्याकाळी मंडळाने गर्दीच्या कारणाची चौकशी केली आणि पुढच्या वर्षीपासून चहाची टाकी आत हलवावी असं ठरवलं.

घरी येऊन क्लाइव्हने तळचा खण उघडला. संच बाहेर काढला, झटकला, सीलवर चाकूचं टोक टेकवलं. रॉय असता तर हसला असता, असं त्याच्या मनात आलं. मग उघडायच्या आधी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून त्याने संगणक लावला. संच बनवणाऱ्या कंपनीने त्याच आठवड्यात नवा संच काढला होता, आणखी बारीक चकत्यांचा. तेव्हा जुना फोडण्यात अर्थ नव्हता. त्याने तो होता तसा खणात ठेवला आणि नव्याची मागणी नोंदवली.

ही हकिकत आजवर पुष्कळ लोकांना सांगून झाली आहे. लोक शेवटपर्यंत ऐकतात, जेफ्रींना हसतात, सिरिलला हसतात, क्लाइव्हबद्दल हळहळतात. मग जाता जाता, जरा आवाज खाली आणून, एकच गोष्ट विचारतात: तो नवा संच कुठे मिळतो?

तुम्ही विचारणार नव्हता, हे मान्य. तुमच्याकडे एक आहेच, तळच्या खणात, सीलबंद.