जोडी कुठंय?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे बनसोडे सर कुणाला "कसं काय, बरंय का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "जोडी कुठंय?" मंडईत विचारतात, दाढीच्या दुकानात विचारतात, मी जिन्यात एकटी पिशव्या ओढत असले तरी विचारतात. माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी थेट स्टेजवर जाऊन नवरदेवाला विचारलं. नवरी तेव्हा साडी बदलायला गेली होती. नवरदेवाचा चेहरा असा पडला की मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सरांनी आयुष्यभर शाळेत स्काउट शिकवलं. रिटायर झाले, पण गळ्यातला स्कार्फ काही उतरला नाही. सोलापूरच्या उन्हात अंगावर बनियनसुद्धा नकोसा होतो, तिथं हा माणूस स्कार्फ घालून, शिट्टी अडकवून, कमरेला दोरी बांधून दूध आणायला जातो. हात मिळवायचा तोही डावा. आपल्याकडं डावा हात पुढं केला की लोक मागं सरकतात. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं. "ताई, डावा हात काळजाच्या बाजूचा. उजवा काय, साहेबालाबी देतो की आपण."

आता तुम्हाला वाटेल, गडी मोठा धीट असणार. अहो कसला धीट! इतका भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. लिफ्टमध्ये पाय टाकणार नाहीत. शेजारच्या घरात कुकर वाजला की दचकणार. लोंबणारी वायर दिसली की पलीकडच्या गल्लीनं जाणार. आणि वर आम्हालाच शिकवणार, "भ्यायलाच पायजे. भ्यालेला माणूस तयार राहतो." ऐकून ऐकून मीच भित्री झाले. सात रस्ता चौकातल्या विमा ऑफिसात कामाला जाते मी. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतनं परत यायला लागले, आणि लेटमार्क खाल्ला तो या माणसापायी.

रविवारी आमच्या पार्किंगमध्ये त्यांची स्काउटची पोरं जमायची. गाठी मारायची, खोटीखोटी मोडलेली हाडं बांधायची, कुणाची तरी झोळी करून उचलून न्यायची. दुसऱ्या मजल्यावरची आफरीन त्यांतलीच. लहानपणी पाहुणा आला तरी आईच्या मागं लपणारी ही पोर. आता कॉलेजात गेलीय, आणि शाळा सुटायच्या वेळी पोरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून भर रस्त्यात हात आडवा करून रिक्षा थांबवते. ते बघून मलासुद्धा बरं वाटायचं, पण सरांना तसं सांगायची सोय नव्हती, लगेच मलाच स्कार्फ घातला असता.

पुढं त्यांची नजर आमच्या बिल्डिंगकडं वळली. दुपारी कर्ती माणसं कामावर, घरात उरतात म्हातारी माणसं आणि पोरं. आग लागली तर? मग सगळ्यांच्या जोड्या लावल्या. शिट्टी झाली की आपल्या जोडीदाराचा हात धरायचा, तोंडाला ओलं फडकं लावायचं, वाकून भिंतीच्या कडेनं उतरायचं आणि खाली आल्यावर आपली जोडी बघायची. माझ्या आईची जोडी आफरीन. आई करकंब गावची, शेतात राबून गुडघे गेलेले. एका दुपारी सरांनी "धूर, धूर!" म्हणून बोंब ठोकली आणि आई शेंगाचटणीचं उखळ टाकून खाली उतरली. वर मलाच सांगते, "लई मजा आली बघ. पोरगी कसला घट हात धरती!"

मी तणतणत वर गेले. "सर, म्हातारी पडली असती म्हणजे?"

"आफरीन हाय की."

"आणि तुमची जोडी कोण?" मी खवचटपणे विचारलं.

"मी शिट्टी वाजवणार," सर म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. यंदाचं शिबिर होऊ द्या, मग बघू, असं म्हणता म्हणता शिबिरं चालू राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी ऑफिसात शेजाऱ्यांचा फोन आला. "ताई, बिल्डिंगमध्ये धूर झालाय, मीटर पेटलेत..." आणि फोन कट. आईला लावला, नुसती रिंग. गाडीची किल्ली लागेना. सात रस्त्याच्या सिग्नलला मी मोठ्यानं रडत होते आणि लोक बघत होते. आईचे गुडघे, तिसरा मजला, बंद पडलेली लिफ्ट, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पोहोचले तर सगळी बिल्डिंग रस्त्यावर. वॉचमननं वाळू टाकून आग विझवली होती, पण जिन्यातनं काळा धूर येतच होता. आणि त्या गर्दीत आई! नाकाला ओला स्कार्फ, हात आफरीनच्या हातात. मी तिला मिठीच मारली. जो तो आपापला जोडीदार धरून उभा होता, कुणाचंच कुणी मागं राहिलं नव्हतं.

आईनं स्कार्फ खाली ओढला. "माझं ऱ्हाऊ दे. सरांची जोडी कुटं हाय?"

सर गर्दीत नव्हतेच. वरनं शिट्टी वाजत होती हे सगळ्यांनी ऐकलं होतं. ती थांबली कधी, हे कुणालाच सांगता येईना. प्रत्येकानं आपली जोडी बघितली होती, आणि सरांना कुणाची जोडीच नव्हती.

मी जिन्याकडं धावले. मागनं आफरीननं हात धरला. घाबरली की ती घरच्या बोलीवर येते. "अकेले नै जाना, काकू!" तिनं माझ्या तोंडाला ओला स्कार्फ बांधला, आणि ज्या दुपारच्या खेळाला मी नावं ठेवली होती, त्यातल्यासारखंच वाकून, भिंतीला हात लावून आम्ही वर गेलो. डोळ्यांची नुसती आग होत होती. मला वाटलं, आता आपण काही परत येत नाही.

सर आमच्या दाराबाहेर बसले होते. शिट्टी तोंडात, पण फुंकायला दम नव्हता.

"आजी उतरल्या का बघायला आलो," ते म्हणाले, "आणि पायच उचलंना. लई भ्यालो." मग खोकत खोकत विचारलं, "मी ऱ्हायलोय हे कळलं कुणाला?"

"आईला," मी म्हणाले. मधे सर, दोन्हीकडनं आम्ही, असे उतरलो.

तेव्हापासून आईनं सरांना आपल्या जोडीत घेतलंय. सकाळी ती खिडकीच्या गजावर उलथनं आपटते आणि वरनं शिट्टी वाजते. बिल्डिंग शिव्या घालते, आई ऐकत नाही.

मागच्या आठवड्यात तिनं उलथनं आपटलं आणि शिट्टी वाजलीच नाही. पुन्हा आपटलं. काही नाही. मी भाकरी तव्यावर टाकून, पिठाच्या हातांनी जिना चढले आणि दार बडवत सुटले. दार उघडलं. सर उभे, तोंडात ब्रश.

"शिट्टी धुवायला टाकलीय," ते म्हणाले.

"सर! जीव गेला की माझा!" मी ओरडले. रडू आवरेना.

त्यांनी ब्रश काढला. माझ्याकडं बघतच राहिले. "भ्यालात?"

"मग! भ्याले की!"

"माझ्यासाठी आजवर कुणी भ्यालं नव्हतं, ताई," सर म्हणाले.

मी पिठाचा डावा हात पुढं केला.